उपास्थिरोपण आणि बिंबाणुसमृद्ध रक्तद्रव

सांध्यातील हाडांच्या टोकांवर असणाऱ्या उपास्थीचा (कूर्चेचा) नष्ट झालेला भाग रोपणाने भरून काढताना रोपलेले ऊतक जगावे व भोवतालच्या निरोगी उपास्थीशी एकजीव व्हावे, या हेतूने रुग्णाच्याच रक्तातून वेगळा काढलेला आणि बिंबाणूंचे प्रमाण वाढविलेला रक्तद्रव वापरण्याची पद्धती. तिचा उपयोग मुख्यतः गुडघ्याच्या व त्याखालोखाल घोट्याच्या सांध्यात केला जातो. ही स्वतंत्र चिकित्सा नसून शस्त्रक्रियेस दिलेली जोड आहे. तोच द्रव शस्त्रक्रियेवाचून, केवळ सुईने सांध्यात टोचण्याची प्रथा त्याहून पुष्कळच अधिक प्रचारात आहे. या दोन उपयोगांची सामान्यतः गल्लत केली जाते. वस्तुतः त्यांचे हेतू भिन्न आहेत आणि त्यांच्यामागील पुरावाही भिन्न आहे.

उपास्थी व तिचे वैगुण्य : सांध्यातील उपास्थी काचाभ प्रकारची, म्हणजे गुळगुळीत, निळसर पांढरी व किंचित पारभासक असते. गुडघ्यात तिची जाडी सामान्यतः २ ते ४ मिमी. असते, वाटीच्या मागील बाजूस ती याहून जास्त भरते. तिच्या वजनाचा ६५ ते ८० टक्के भाग पाण्याचा असतो. उरलेल्या भागात दुसऱ्या प्रकारच्या कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे आणि त्या जाळ्यात पाणी धरून ठेवणारे प्रोटिओग्लायकान नावाचे मोठे रेणू असतात. हे सर्व आधारद्रव्य तयार करणाऱ्या व राखणाऱ्या उपास्थिकोशिका आकारमानाने फार थोड्या, १ ते ५ टक्केच, असतात आणि त्या एकमेकींपासून दूर, आपापल्या पोकळ्यांत बंदिस्त असतात.

या ऊतकात रक्तवाहिन्या नाहीत, तंत्रिका (मज्जातंतू) नाहीत आणि लसीकावाहिन्याही नाहीत. चालताना सांध्यावर भार पडला की उपास्थीतील द्रव पिळला जातो व भार उतरला की संधिद्रव पुन्हा आत शोषला जातो. या ये-जा करणाऱ्या द्रवातूनच कोशिकांचे पोषण होते. शरीराचा भार जन्मभर वाहण्यासाठी ही योजना उत्तम आहे. जखम भरून येण्यासाठी मात्र ती अत्यंत गैरसोयीची ठरते. शरीरात इतरत्र जखम झाली म्हणजे प्रथम रक्त येते, ते साकळते, गुठळीतील बिंबाणू रासायनिक संदेश सोडतात आणि त्या संदेशांनी आकृष्ट झालेल्या कोशिका नवे ऊतक बांधू लागतात. उपास्थीच्या बाबतीत या मालिकेतील पहिलीच पायरी गहाळ असते. तंत्रिका नसल्याने सुरुवातीस वेदनाही होत नाही आणि जखम लक्षात येईपर्यंत ती बहुधा वाढलेली असते. उपास्थी एकदा नष्ट झाली की पुन्हा मिळत नाही, असे निरीक्षण ब्रिटिश शारीरविज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले होते. त्यानंतर जवळजवळ पावणेतीनशे वर्षे लोटली, तरी त्यात फारशी दुरुस्ती करावी लागलेली नाही.

जखम खोल जाऊन खालच्या हाडापर्यंत पोहोचली, तर मात्र अस्थिमज्जेतील रक्त वर येते व खड्डा भरतो. परंतु अशा रीतीने तयार होणारे ऊतक काचाभ उपास्थीचे नसून तंतुमय उपास्थीचे असते. त्यात पहिल्या प्रकारचे कोलॅजेन अधिक असते आणि वारंवार येणाऱ्या भाराखाली ते काही वर्षांत विरते.

रोपणाच्या पद्धती : हाडातून रक्त वर आणण्याच्या या नैसर्गिक मार्गाचाच उपयोग जुन्या शस्त्रक्रियांत केला गेला. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील प्रीडी यांनी १९५९ मध्ये उघड्या पडलेल्या हाडास गिरमिटाने भोके पाडण्याची पद्धत वर्णिली. अमेरिकेतील रिचर्ड स्टेडमन यांनी १९८० नंतरच्या दशकात गिरमिटाऐवजी चांभाराच्या आरीसारखे टोकदार हत्यार वापरून ३-४ मिमी. अंतरावर बारीक छिद्रे पाडण्याचे तंत्र रूढ केले. ही रोपणे नव्हेत. पण सोपी व स्वस्त असल्याने आजही नव्या पद्धतींची तुलना बहुधा त्यांच्याशी केली जाते.

प्रत्यक्ष रोपणाचा इतिहास याहून जुना आहे. जर्मन शल्यचिकित्सक एरिख लेक्सर यांनी १९०८ मध्ये दुसऱ्या व्यक्तीच्या शरीरातून काढलेले संपूर्ण किंवा अर्धे सांधे बसविल्याचे अनुभव प्रसिद्ध केले होते. बूडापेस्ट येथील लास्लो हांगोडी यांनी १९९२ पासून रुग्णाच्याच गुडघ्याच्या कमी भार येणाऱ्या कडेवरून उपास्थी व हाड मिळून दंडगोल काढून ते खड्ड्यात शेजारी शेजारी, फरशीचे तुकडे जडवावेत तसे, बसविण्यास प्रारंभ केला. स्वीडनमधील गॉथनबर्ग येथील ब्रिटबर्ग, पीटरसन व त्यांचे सहकारी यांनी १९९४ मध्ये तिसरा मार्ग दाखविला. त्यांनी रुग्णाच्या उपास्थीचा लहानसा तुकडा घेऊन त्यातील कोशिका प्रयोगशाळेत दोन ते तीन आठवडे वाढविल्या आणि त्या अस्थ्यावरणाच्या (हाडावरील पातळ पटलाच्या) ठिगळाखाली सोडल्या. त्यांच्या २३ रुग्णांपैकी मांडीच्या हाडावर रोपण झालेल्या १६ पैकी १४ जणांना चांगला गुण आला. गुडघ्याच्या वाटीवर रोपण झालेल्या ७ पैकी केवळ दोघांना आला. रोपाचे भवितव्य त्याच्या जातीइतकेच ते कोठे बसविले आहे यावर अवलंबून असते, ही गोष्ट तेव्हापासूनच स्पष्ट आहे. उपास्थीचे बारीक तुकडे करून ते फायब्रिनाच्या साहाय्याने खड्ड्यात चिकटविण्याचा ससे या प्राण्यांवरील प्रयोग १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. दीर्घकाळ दुर्लक्षित राहिलेले हे तंत्र अलीकडे पुन्हा पुढे आले आहे.

सांधणीचा प्रश्न : हाडासह बसविलेल्या दंडगोलाचे दोन भाग दोन निराळ्या रीतींनी वागतात. खालचे हाड भोवतालच्या हाडाशी काही आठवड्यांत जुळू लागते, कारण तेथे रक्तपुरवठा असतो. वरच्या उपास्थीच्या कडा मात्र एकमेकींना टेकलेल्या असूनही जुळत नाहीत. अनेक महिन्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता त्यांच्यात बारीक फट तशीच राहिल्याचे पुष्कळदा दिसते. याची कारणे तीन. एक तर कापताना हत्याराच्या धारेखाली कडेच्या कोशिका मरतात व काठावर निर्जीव पट्टा तयार होतो. हत्यार जितके बोथट, तितका हा पट्टा रुंद. दुसरे म्हणजे उरलेल्या जिवंत कोशिका आधारद्रव्यात कोंडलेल्या असल्याने फटीपर्यंत सरकू शकत नाहीत. तिसरे, प्रोटिओग्लायकानांच्या दाट थरावर बाहेरून आलेल्या कोशिकाही सहज चिकटत नाहीत. अशी फट राहिली की प्रत्येक पावलागणिक संधिद्रव दाबाखाली तीत शिरतो, खालच्या हाडात पोकळ्या निर्माण होऊ शकतात आणि रोप कडेपासून झिजू लागते. रोपण फसते ते पुष्कळदा रोपामुळे नव्हे, तर या सांधीमुळे. बिंबाणुसमृद्ध रक्तद्रवाचा शस्त्रक्रियेतील उपयोग समजून घ्यावयाचा तर तो या सांधीच्या संदर्भात घ्यावा लागतो : जे रक्त उपास्थीपर्यंत कधीच पोहोचत नाही, त्यातील दुरुस्तीस उपयुक्त तेवढा अंश हाताने तेथे नेऊन ठेवणे, असे त्याचे स्वरूप आहे.

बिंबाणू व वृद्धिघटक : बिंबाणू या रक्तातील सर्वांत लहान, केंद्रकहीन कणिका होत. निरोगी माणसाच्या रक्तात त्यांची संख्या दर घन मिमी.स सुमारे दीड ते साडेचार लाख असते व त्यांचे आयुष्य ७ ते १० दिवसांचे असते [→ रक्त]. इटालियन शास्त्रज्ञ जूल्यो बित्सोत्सेरो यांनी १८८२ मध्ये त्यांचे रक्त थांबविण्यातील कार्य वर्णिले. पुढे जवळजवळ शतकभर बिंबाणू म्हणजे केवळ गळती बुजविणारे बूच, अशीच समजूत होती. १९७४ मध्ये अमेरिकेतील रसेल रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी बिंबाणूंतून बाहेर पडणारा एक घटक कोशिकांच्या विभाजनास चालना देतो, असे दाखविले. बिंबाणूंच्या अल्फा कणिकांत असे अनेक वृद्धिघटक साठविलेले असतात. त्यांपैकी रूपांतरक वृद्धिघटक बीटा हा उपास्थिकोशिकांना आधारद्रव्य तयार करण्यास उद्युक्त करतो, तर बिंबाणुजन्य वृद्धिघटक कोशिकांना आकृष्ट करून त्यांची संख्या वाढवितो. रक्तद्रवातही इन्शुलिनसदृश वृद्धिघटक असतो व तो उपास्थीच्या बांधणीस साहाय्यक ठरतो.

बिंबाणुसमृद्ध रक्तद्रव हा शब्दप्रयोग मूळचा रक्तपेढ्यांतला. बिंबाणूंची कमतरता असलेल्या रुग्णांना तो देण्यात येत असे. जखम भरून येण्यासाठी त्याचा उपयोग प्रामुख्याने दंतवैद्यकातून आला. अमेरिकेतील रॉबर्ट मार्क्स यांनी १९९८ मध्ये जबड्यातील अस्थिरोपणात तो वापरल्याचे प्रसिद्ध केले, तर स्पेनमधील एद्वार्दो आनितुआ यांनी १९९९ मध्ये पांढऱ्या कोशिका वगळलेला एक प्रकार पुढे आणला. त्यांच्याच सहकार्याने मिकेल सांचेस यांनी २००३ मध्ये, फुटबॉल खेळताना गुडघ्यातील उपास्थीचा मोठा तुकडा निखळलेल्या एका १२ वर्षांच्या मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. तुकडा जागेवर बसवून त्याच्या व खालच्या पृष्ठाच्या मध्ये असा रक्तद्रव सोडण्यात आला; तुकडा जुळला व मुलगा पुन्हा खेळू लागला. उपास्थीच्या बाबतीतील ही आरंभीची नोंद पुढे वारंवार उल्लेखिली गेली. ती एकाच रुग्णाची होती आणि तो रुग्ण वाढत्या वयाचा होता, ही गोष्ट मात्र तितक्या वारंवार सांगितली गेली नाही.

तयार करण्याची रीत : रुग्णाच्या दंडाच्या शिरेतून सामान्यतः १५ ते ६० मिलि. रक्त सायट्रेटयुक्त नळीत घेतात. सायट्रेटामुळे कॅल्शियम बांधले जाऊन रक्त साकळत नाही. नळी केंद्रोत्सारक यंत्रात मंद गतीने फिरविली असता तांबड्या कोशिका तळाशी बसतात, त्यांवर पांढऱ्या कोशिकांचा पातळ पापुद्रा व त्यावर पिवळसर रक्तद्रव राहतो. बिंबाणू बहुतांशी रक्तद्रवाच्या खालच्या थरात, पापुद्र्यालगत असतात. हा भाग वेगळा काढून अधिक गतीने पुन्हा फिरवितात व वरचा बिंबाणुविरल द्रव टाकून देतात. उरलेल्या काही मिलिलिटरांत बिंबाणूंची संहती मूळ रक्ताच्या दुप्पट ते पाच पट, काही पद्धतींत त्याहूनही अधिक, असते. दर घन मिमी.स १० लाख ही मार्क्स यांनी २००१ मध्ये सुचविलेली मर्यादा पुष्कळदा प्रमाण मानली जाते; परंतु ती अस्थिरोपणाच्या अनुभवावरून आलेली आहे. यंत्राचे मिनिटाला इतके फेरे, एवढीच नोंद पुष्कळ अहवालांत आढळते. ती अपुरी आहे, कारण कणांवर पडणारा जोर यंत्राच्या त्रिज्येवरही अवलंबून असतो आणि त्याच फेऱ्यांत दोन यंत्रे दोन वेगळे द्रव देतात.

तयार द्रवात कॅल्शियम क्लोराइड किंवा थ्राँबिन मिसळले की फायब्रिनाचे जाळे विणले जाऊन त्याचा लगदा बनतो आणि बिंबाणू आपल्या कणिका रित्या करू लागतात. साठविलेल्या वृद्धिघटकांपैकी बहुतेक पहिल्या तासाभरातच बाहेर पडतात. म्हणून द्रव तयार झाल्यावर तो उगाच ठेवून न देता, व साकळविल्यावर तर तत्काळ, वापरावा लागतो. ॲस्पिरिनसारखी वेदनाशामके बिंबाणूंचे कार्य मंदावत असल्याने ती रक्त घेण्यापूर्वी काही दिवस बंद ठेवण्यास सांगतात. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी मात्र असा बदल हृदयरोगतज्ञास विचारल्याखेरीज करावयाचा नसतो.

पांढऱ्या कोशिका ठेवाव्यात की गाळाव्यात, हा वादाचा विषय आहे. २००९ मध्ये दोहान एरेनफेस्ट व सहकाऱ्यांनी पांढऱ्या कोशिका व फायब्रिन यांच्या प्रमाणावरून या द्रवांचे चार वर्ग पाडले. सांध्यात पांढऱ्या कोशिकांतून सुटणारी प्रथिनभंजक एंझाइमे उपास्थीच्या आधारद्रव्यास अपायकारक ठरू शकतात, म्हणून उपास्थीसाठी बहुतेक तज्ञ त्या गाळलेला द्रव पसंत करतात.

शस्त्रक्रियेतील योजना : द्रव वापरण्याची रीत रोपणाच्या प्रकारानुसार बदलते. दंडगोल बसविताना तो द्रवात बुडवून घेतात अथवा कडेच्या फटीत द्रव सोडतात. हाडास छिद्रे पाडून वर कोलॅजेनाचे पटल बसवावयाचे असल्यास पटलाखाली साकळविलेला लगदा भरतात. बारीक केलेल्या उपास्थीच्या पद्धतीत त्याचे स्थान सर्वांत स्वाभाविक आहे : उपास्थीचे एक मिमी.हून लहान कण द्रवात कालवून त्यांचा लेप करतात, तो खड्ड्यात भरतात व वरून त्याच रक्तापासून काढलेले थ्राँबिन सोडून जागच्या जागी घट्ट करतात. येथे रक्तद्रव औषधाबरोबरच सरसाचेही काम करतो. बारीक केल्याने उपास्थीचे उघडे पृष्ठ वाढते आणि कोंडलेल्या कोशिकांना बाहेर पडण्यास वाट मिळते. सर्व काम एकाच शस्त्रक्रियेत उरकते, ही सोय लहान नाही. पूर्वी खड्डा सुकवून संधिदर्शकातून हे करता येत नसे. आता तेही शक्य झाले आहे.

पुरावा : प्राण्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष एकंदरीत अनुकूल आहेत. इटलीतील मिलानो व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मेंढ्यांवर केलेल्या प्रयोगात हाडास छिद्रे पाडून वर साकळविलेला लगदा ठेवल्यास दुरुस्ती अधिक चांगली झाली. तोच रक्तद्रव पातळ स्वरूपात टोचल्यास तितका उपयोग झाला नाही. तथापि कोणत्याही गटात खरी काचाभ उपास्थी तयार झाली नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १२ सशांवरील एका प्रयोगात दोन्ही गुडघ्यांत हाडासह उपास्थीचे रोपण करून एका गुडघ्यात बिंबाणुसमृद्ध रक्तद्रव व दुसऱ्यात लवणद्राव टोचण्यात आला. पहिल्या गुडघ्यात कडांची सांधणी अधिक चांगली झाल्याचे आढळले. प्रश्न नेमका सांधीचा असल्याने हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. पण सशाच्या गुडघ्यातील उपास्थी माणसाच्या तुलनेने फारच पातळ असते व तिची आपोआप भरून येण्याची शक्तीही अधिक असते.

मानवी रुग्णांतील अनुभव तुटपुंजा आहे. बेल्जियममधील एका गटाने २०११ मध्ये कोलॅजेन पटल व बिंबाणुसमृद्ध लगदा यांचा संयुक्त उपयोग केलेल्या पाच रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांची वेदना कमी झाली, परंतु चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांत (एमआरआय) दिसणारे दुरुस्तीचे चित्र तितके समाधानकारक नव्हते. वेदना व रचना यांतील ही तफावत या क्षेत्रात पुन्हा पुन्हा भेटते आणि तीच सर्वांत अधिक दिशाभूल करते. रूग्णास बरे वाटणे व उपास्थी भरून येणे या दोन घटना आहेत. पहिली घडली म्हणून दुसरी घडली, असे मानता येत नाही.

शस्त्रक्रियेवाचून टोचण्याच्या चाचण्यांत हे स्पष्टपणे दिसते. चंडीगढ येथील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेत दोन्ही गुडघ्यांना झीज असलेल्या ७८ रुग्णांवर चाचणी झाली व तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. रक्तद्रव टोचलेल्या रुग्णांना लवणद्राव टोचलेल्यांपेक्षा अधिक आराम पडला, मात्र सहा महिन्यांच्या सुमारास तो ओसरू लागला. याउलट ऑस्ट्रेलियात ५० वर्षांवरील २८८ रुग्णांवर झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आठवड्यास एक याप्रमाणे तीन वेळा टोचून वर्षभराने तपासले असता वेदनेत दोन्ही गटांत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. उपास्थीचे आकारमान रक्तद्रवाच्या गटात सरासरी १.४ टक्क्यांनी व लवणद्रावाच्या गटात १.२ टक्क्यांनी घटले होते. या चाचणीतील द्रवात बिंबाणूंची संहती रक्तातल्याहून फारशी अधिक नव्हती, असा आक्षेप नंतर घेण्यात आला व तो विचार करण्याजोगा आहे. तरीही टोचल्याने झिजलेली उपास्थी नव्याने उगवते, या जाहिरातींतील विधानास या आकड्यांत आधार मिळत नाही.

तत्त्वतःही काही शंका उरतात. बिंबाणूंत रक्तवाहिन्यांची वाढ घडवून आणणारा घटक असतो. जखमेच्या दृष्टीने तो हितावह, परंतु जिच्यात रक्तवाहिन्या नसणे हेच स्वास्थ्याचे लक्षण, त्या उपास्थीत तो अनिष्ट ठरण्याचा संभव असतो. सांध्यात वारंवार रक्तस्राव होणाऱ्या हीमोफिलियाच्या रुग्णांत उपास्थी झपाट्याने नष्ट होते, हे सुविदित आहे; त्यामुळे तांबड्या कोशिका द्रवात न राहतील याची काळजी घ्यावी लागते.

मर्यादा व दक्षता : द्रव स्वतःच्याच रक्ताचा असल्याने तो शरीराकडून नाकारला जाण्याचा प्रश्न नसतो. टोचल्यावर काही दिवस सूज व ठणका येऊ शकतो. निर्जंतुकतेत हयगय झाल्यास सांध्यात पू होण्याचा गंभीर धोका असतो. बिंबाणूंची संख्या कमी असणारे, जंतुसंसर्ग असलेले आणि रक्ताचे किंवा नजीकच्या भागाचे कर्करोग असलेले रुग्ण या उपायास अपात्र मानले जातात. सांध्याची अक्षरेषा वाकडी असेल किंवा अस्थिबंध तुटलेला असेल, तर आधी ते दुरुस्त करावे लागते. वाकड्या गुडघ्यात बसविलेले रोप कोणत्याही द्रवाने टिकत नाही. संपूर्ण सांधा झिजलेल्या वृद्धांत उपास्थिरोपणाचाच उपयोग नसतो. तेथे कृत्रिम सांधा बसविण्याचा विचार करतात. खेळाडूंच्या बाबतीत काही काळ नियमांचीही अडचण होती. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०१० मध्ये हा द्रव स्नायूंत टोचण्यास मनाई केली होती. २०११ मध्ये ती उठविण्यात आली.

रोपणानंतरची शुश्रूषा द्रव वापरला तरी बदलत नाही. मांडीच्या हाडाच्या भार वाहणाऱ्या भागावर रोपण झाल्यास सुमारे सहा आठवडे कुबड्यांच्या आधाराने चालावे लागते. भार न देता सांधा हळूहळू वाकविण्याचा व्यायाम मात्र पहिल्या काही दिवसांतच सुरू करतात, कारण संधिद्रवाच्या हालचालीवाचून नव्या ऊतकाचे पोषण होत नाही. धावणे व उड्या मारणे यांस बहुधा नऊ महिने ते एक वर्षपर्यंत परवानगी देत नाहीत. वेदना थांबली म्हणून ही मुदत अलीकडे आणणाऱ्या तरुण रुग्णांत रोप कडेने उचकटण्याचा धोका वाढतो.